बिल वेळेवर भरणारी माणसं

मार्च २०११ मध्ये अमेरिकेतल्या आरएसए या कंपनीतल्या काही कर्मचाऱ्यांना एक ईमेल आला. विषय होता ‘२०११ भरती योजना’. मजकूर जेमतेम: ही फाईल पाहण्यासाठी पाठवत आहे, कृपया उघडून बघावी. सोबत एक्सेलची फाईल. कंपनीच्या यंत्रणेला तो मेल संशयास्पद वाटला आणि तिने तो परस्पर जंक फोल्डरमध्ये टाकूनही दिला. तरी एका कर्मचाऱ्याने तो तिथून शोधून काढला आणि फाईल उघडली. त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. पण फ्लॅश प्लेअरमधल्या, तोवर कुणाच्या ध्यानात न आलेल्या एका फटीतून चोर आत शिरले. आणि आरएसएचा धंदा कसला, तर सुरक्षेचा! बँकांचे आणि लष्करी कंत्राटदारांचे लोक किल्लीच्या जुडग्याला अडकवतात ती, लॉगिनसाठी लागणारे आकडे बदलत राहणारी छोटी यंत्रं हीच कंपनी बनवायची. तिच्याकडून चोरलेल्या माहितीच्या आधारे पुढच्या काही आठवड्यांत लॉकहीड मार्टिनसारख्या विमानं आणि क्षेपणास्त्रं बनवणाऱ्या कंपनीचं दार ठोठावलं गेलं.

मला यात कुतूहल वाटतं ते त्या जंक फोल्डरचं. यंत्राने बाजूला टाकलेलं पत्र माणसाने आपण होऊन उचललं. कशासाठी? त्यात लॉटरी नव्हती, कुणा श्रीमंत विधवेची ठेव नव्हती. भरतीच्या योजनेचा कागद होता. आपल्या कामाचं काही नजरेआड राहायला नको, एवढाच त्या कर्मचाऱ्याचा हेतू असणार. एखादा कामचुकार तिथे असता तर बचावला असता. तो कशाला जंक फोल्डर उघडून बघतोय!

फसवणुकीची बातमी छापून आली की चहाच्या वेळी ठरलेलं वाक्य ऐकू येतं, “एवढा शिकलेला माणूस, याला कळू नये?” त्यावर दुसरं कुणी तरी म्हणतं, “हाव, दुसरं काय!” एक तर अक्कल कमी किंवा हाव जास्त, असा निकाल लावून आपण चहा संपवतो. आपल्याला हाव नाही आणि अक्कल तर आहेच, म्हणजे आपल्याला काही होत नाही. मी भोसरीच्या एमआयडीसीत एका लहान कारखान्याचं अकाउंट्स बघते. पुरवठादारांची बिलं, जीएसटी, टीडीएस, बँकेची पत्रं, साहेबांचे रात्री अकराला आलेले ‘प्लीज डू द नीडफुल’, हे सगळं माझ्याच इनबॉक्समध्ये येऊन पडतं. या टेबलावरून जे दिसतं त्यावरून मला त्या चहाच्या निकालाशी सहमत होता येत नाही. मला दिसलेली बहुतेक माणसं त्यांच्या चांगल्या सवयींपायी फसली. बिल वेळेवर भरायचं, सरकारी पत्राला लगेच उत्तर द्यायचं, वरिष्ठांनी सांगितलेलं उद्यावर टाकायचं नाही, या त्या सवयी. शाळेपासून ज्यांबद्दल शाबासकी मिळते त्याच.

हावेचे प्रकार नाहीतच असं मी म्हणत नाही. नायजेरियाच्या राजपुत्राची पत्रं आठवत असतील. नायजेरियाच्या फौजदारी कायद्यातल्या ४१९ कलमावरून त्या प्रकाराचं नाव पडलं, पण युक्ती त्या देशाची नाही आणि इंटरनेटच्या काळातलीही नाही. एकोणिसाव्या शतकात ‘स्पॅनिश कैद्या’ची पत्रं युरोप-अमेरिकेत फिरत होती: स्पेनच्या तुरुंगात एक धनाढ्य गृहस्थ अडकले आहेत, सुटकेसाठी थोडी रक्कम पाठवा, सुटले की संपत्तीत तुमचा वाटा. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये एक गमतीचा प्रश्न मांडला. नायजेरियाचं नाव इतकं बदनाम झालेलं असताना हे भामटे ‘आम्ही नायजेरियाचे’ असं उघड का सांगतात? त्यांचं उत्तर असं की लाखो लोकांना मेल पाठवायला खर्च येत नाही. खर्च असतो तो उत्तर देणाऱ्याशी आठवडेच्या आठवडे गोड बोलण्यात. मग शंकेखोर माणसं पहिल्याच पत्राला हसून निघून गेलेली बरी. पत्र बावळट ठेवलं की जो उरतो तो शेवटपर्यंत येणारा असतो. म्हणजे आपण ज्या मेलला हसतो तो आपल्यासाठी लिहिलेलाच नसतो. आपल्यासाठी लिहिलेला वेगळा असतो, आणि तो वाचताना हसू येत नाही.

वीजबिलाचा मेसेज घ्या. २०२२ च्या सुमारास तो महाराष्ट्रात बऱ्याच जणांच्या फोनवर येऊन गेला असेल: गेल्या महिन्याचं बिल अपडेट न झाल्यामुळे आज रात्री साडेनऊ वाजता तुमचा वीजपुरवठा खंडित केला जाईल, त्वरित या अधिकाऱ्याशी संपर्क साधा. खाली एक साधा मोबाईल नंबर. आता ज्याचं बिल तीन-तीन महिने थकतं, त्याला हा मेसेज काय घाबरवणार? महावितरणचा माणूस कधी येतो, काय बोलतो, किती मुदत देतो हे त्याला पाठ असतं. रात्री साडेनऊला कुणी येत नाही हेही त्याला ठाऊक असतं. दचकतो तो ज्याने जन्मात कधी बिल थकवलेलं नाही तो.

माझ्या ओळखीतले एक निवृत्त शिक्षक असेच दचकले. त्यांच्याकडे बिलांची फाईल आहे. प्रत्येक बिलाला दोन भोकं पाडलेली, वरच्या कोपऱ्यात लाल शाईने ‘भरले’ आणि तारीख. आधी त्यांनी ती फाईल काढली. गेल्या महिन्याचं बिल होतं, लाल शाईसकट. मग त्यांनी नंबर फिरवला. पलीकडचा माणूस भलताच अदबीने बोलला. म्हणाला, “सर, तुमचं पेमेंट आम्हाला दिसतंय, चूक तुमची नाहीच. फक्त सिस्टिमला अपडेट झालेलं नाही. दहा रुपये भरा, म्हणजे नोंद होऊन जाईल.” सरांना वाटलं, बघा, फाईल खरी ठरली. दहा रुपये भरण्यासाठी एक अ‍ॅप घ्यायला सांगितलं. ते होतं फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं. सरांनी बँकेचं अ‍ॅप उघडलं, पासवर्ड टाकला, आणि ते सगळं पलीकडचा निवांत बघत होता. पेन्शनचं खातं तासाभरात रिकामं झालं.

“मी बिल भरलं होतं, मग मी घाबरलो कशाला?” असं ते नंतर म्हणाले. मला वाटतं, भरलं होतं म्हणूनच. ज्याच्या हातात पावती असते त्याला वाटतं की दोन मिनिटं बोललं की गैरसमज दूर होईल. ज्याच्याकडे पावती नसते तो फोनच करत नाही.

ही युक्ती आपल्याकडे ईमेलच्या आधीपासून आहे, फोनही लागत नाही. सकाळी देवळातून परतणाऱ्या आजींना दोघे जण अडवतात. “आजी, आम्ही पोलीस. पुढच्या चौकात चोरी झालीय, तपासणी चालू आहे. एवढं सोनं घालून कुठे फिरताय? काढून पिशवीत ठेवा बघू.” शेजारून जाणारा आणखी एक माणूस, तोही त्यांच्यातलाच, निमूटपणे गळ्यातली चेन काढून कागदात बांधतो. मग आजीही बांगड्या आणि पाटल्या काढतात, पोलीस स्वतःच्या हाताने त्या पुडीत बांधून देतात, आणि घरी जाऊन पुडी उघडली की आत खडे निघतात. ‘तोतया पोलिसांनी वृद्धेचे दागिने लांबवले’ ही बातमी पुण्याच्या पेपरात वर्षानुवर्षं येते आहे. या बातमीतल्या आजींना सोनं मिळवायचं नव्हतं, असलेलं वाचवायचं होतं. चोराने त्यांना चोराचीच भीती घातली.

हिलरी क्लिंटन यांच्या प्रचाराचे प्रमुख जॉन पोडेस्टा यांना १९ मार्च २०१६ रोजी आलेला मेल याच जातीचा होता. गूगलच्या नावाने लिहिलं होतं: तुमचा पासवर्ड कुणाच्या तरी हाती लागला आहे, ताबडतोब बदला. पाहा, तीच पुडी. त्यातही पोडेस्टांच्या कार्यालयाने आपल्याला शिकवतात ते सगळं केलं. परस्पर क्लिक न करता तांत्रिक मदत करणाऱ्या माणसाला विचारलं. त्याने उत्तर दिलं की मेल अस्सल आहे, पासवर्ड लगेच बदलायला हवा. गूगलच्या खऱ्या पानाचा पत्ताही सोबत दिला. तो पुढे म्हणाला की आपल्याला ‘अस्सल नाही’ असं लिहायचं होतं, घाईत चुकलं. असेल. पण कार्यालयात मूळ मेलमधल्याच बटणावर बोट पडलं, आणि ऑक्टोबरमध्ये निवडणुकीच्या ऐन तोंडावर हजारो खासगी मेल गुप्त कागद उघड करणाऱ्या विकिलीक्स या संकेतस्थळावर आले. जगातली बलाढ्य माणसं आणि आमच्या देवळाबाहेरच्या आजी, दोघांची बिघडलेली जागा एकच.

आपली माणसं भोळी म्हणून फसतात, हेही मला खरं वाटत नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घातल्या. ७०० हून जास्त तरुण-तरुणी तिथे रात्रपाळीला सापडले, त्यांपैकी ७० जणांना अटक झाली. रात्रभर ही मुलं अमेरिकेत फोन लावून सांगत: मी आयकर खात्यातून बोलतोय, तुमचा कर थकलाय, आत्ता भरला नाही तर अर्ध्या तासात पोलीस दारात. आणि भरायचा कसा, तर दुकानातून गिफ्ट कार्डं विकत घेऊन त्यांचे आकडे फोनवर वाचून दाखवायचे! आयकर खातं गिफ्ट कार्डात कर घेतं, हे एरवी शाळकरी पोरालाही पटणार नाही. पण फोनवरच्या त्या माणसाला पहिल्या वाक्यातच घाम फुटलेला असतो, आणि पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीशीच विचित्र असते. तिकडची निवृत्त माणसं कर वेळेवर भरणारीच होती. मीरा रोडच्या पोरांनी त्यांचा तोच गुण हेरला.

आठ वर्षांनी तोच खेळ आपल्याच लोकांवर उलटला, ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान समूहाचे ८२ वर्षांचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना व्हिडिओ कॉलवर चक्क सर्वोच्च न्यायालयाची सुनावणी दाखवली गेली, सरन्यायाधीशांच्या सोंगासकट. शिक्क्यांचे कागद आले, नजरकैदेचे नियम आले. ७ कोटी गेले. कायद्याने अशी अटक अस्तित्वातच नाही, हे नंतर पंतप्रधानांनाही ‘मन की बात’मध्ये सांगावं लागलं. एवढ्या मोठ्या उद्योगपतीला ते माहीत नसेल? पण न्यायालयासमोर आवाज चढवायचा नाही, हे ज्याच्या अंगात मुरलेलं असतं तो पडद्यावरच्या न्यायालयासमोरही चढवत नाही.

आता माझ्या टेबलाकडे येते. सायबर सुरक्षेच्या प्रशिक्षणात पहिल्या पाटीवर लिहिलेलं असतं, ‘अनोळखी व्यक्तीने पाठवलेली फाईल उघडू नका.’ दर वर्षी हे ऐकताना मला हसू येतं. अनोळखी माणसांच्या फाईली उघडण्याचाच मला पगार मिळतो. नवीन ट्रान्सपोर्टरचं बिल, नवीन ग्राहकाची परचेस ऑर्डर, जीएसटीची कुठली तरी सूचना. भरती बघणाऱ्यांचं तर विचारूच नका, अनोळखी लोकांचे बायोडेटा नाही उघडायचे तर त्यांनी दिवसभर करायचं काय?

बांगलादेश बँक, म्हणजे त्यांची रिझर्व्ह बँक, तिथे हेच झालं. २०१५ च्या सुरुवातीला तिथल्या काही कर्मचाऱ्यांना एका इच्छुक उमेदवाराचा नम्र मेल आला, आपल्या बँकेत काम करण्याची इच्छा आहे, माझा बायोडेटा इथे पाहावा. अमेरिकेच्या तपासयंत्रणेने पुढे नोंदवलं त्याप्रमाणे तो मेल उत्तर कोरियाच्या चोरांचा होता. कुणी तरी बायोडेटा पाहिला. चोर आत शिरले आणि जवळजवळ वर्षभर गप्प बसून बँकेचं काम कसं चालतं ते शिकत राहिले. ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र त्यांनी निवडली. बांगलादेशात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कला रविवार, आणि सोमवारी चिनी नववर्षामुळे मनिलातल्या बँका बंद. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या शाखेतल्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढण्याचे हुकूम सुटले. बँकेचा प्रिंटर, ज्यावर प्रत्येक व्यवहाराचा कागद निघायचा, तो बंद पडला होता; कर्मचाऱ्यांना वाटलं, नेहमीसारखा बिघडला असेल. आमच्याही ऑफिसात वाटलं असतं. श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर थांबले ते ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकल्याने शंका आली म्हणून, बाकीचे बरेचसे न्यूयॉर्कने अडवले. तरी ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला गेलेच. पहिली वीट हलली ती एका सभ्य अर्जाने.

लहान कारखान्यांना याची धाकटी आवृत्ती भेटते. बाहेरच्या पुरवठादाराशी महिनोन् महिने मेल चाललेले असतात. कुणाच्या तरी मेलबॉक्समध्ये चोर बसून ते वाचत असतो. बिल आलं, माल निघाला, आता पैसे जायचे, एवढ्यात त्याच विषयाखाली, त्याच सहीने, मागचा सगळा पत्रव्यवहार खाली जोडून एक मेल येतो: आमच्या नेहमीच्या खात्याचं ऑडिट चालू असल्यामुळे या वेळची रक्कम कृपया खालील खात्यात पाठवावी. मी असा एक मेल प्रिंट काढून ड्रॉवरमध्ये ठेवला आहे. पुरवठादाराच्या पत्त्यात ‘एम’ होता. या मेलमध्ये त्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी बसले होते. रोमन लिपीत लहान अक्षरांत ही जोडी एकमेकींना इतकी चिकटते की पडद्यावर एमच दिसतो. बिलाचा नंबर बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर, ‘दिवाळीच्या शुभेच्छा’सुद्धा बरोबर वेळी. त्या दिवशी तो मेल पकडला गेला तो आमच्या हुशारीने नव्हे. नवं खातं तिसऱ्याच देशातलं निघालं आणि बँकेच्या फॉरेक्स विभागाने कागद मागितले म्हणून.

मोठ्या कंपन्यांचंही काही वेगळं नाही. लिथुआनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कासने तैवानच्या क्वांटा कंपनीच्याच नावाची दुसरी कंपनी लाटव्हियात नोंदवली, आणि २०१३ ते २०१५ या काळात त्या नावाची खोटी बिलं, करार, पत्रं पाठवून गूगल आणि फेसबुक यांच्याकडून मिळून १२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली. या दोन्ही कंपन्यांचा क्वांटाशी खरा व्यवहार होता. अकाउंट्समधल्या कुणी तरी बिल आलं, मंजुरी आहे, देय तारीख आहे, असं बघून पैसे सोडले. माझ्यासारख्याच कुणी तरी. रिमासाउस्कासला २०१९ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली.

त्या ‘ऑडिट चालू असल्यामुळे’ या शब्दांकडे जरा बघा. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. झेरॉक्सच्या रांगेत पुढे घुसू द्या, असं नुसतं विचारलं तर ६० टक्के लोकांनी जाऊ दिलं. ‘मला घाई आहे म्हणून’ असं कारण जोडलं तर ९४ टक्क्यांनी. आणि ‘मला झेरॉक्स काढायचीय म्हणून’ असं कारण, जे कारणच नव्हे, जोडलं तरी ९३ टक्क्यांनी! वाक्यात ‘म्हणून’ आलं की मन पुढच्या कामाला लागतं. (मागणी मोठी असेल तर हे चालत नाही, असंही त्याच प्रयोगात दिसलं. पण दहा रुपयांची मागणी कुठे मोठी असते?)

इथवर मी चोरांबद्दल बोलले. आता आपल्या खऱ्या संस्थांबद्दल, कारण माझा खरा राग तिथे आहे. चोरांचे मेल खरे वाटतात ते त्यांना छान लिहिता येतं म्हणून नाही. खऱ्या संस्था चोरांसारखं लिहितात म्हणून. माझ्या स्वतःच्या बँकेने मला ‘केवायसी अपडेट करा, अन्यथा खाते गोठवले जाईल’ असा मेसेज पाठवला, खाली अर्धवट तोडलेली, कुणाची ते कळणार नाही अशी लिंक. मी शाखेत जाऊन विचारलं तर म्हणे मेसेज आमचाच आहे. त्याच शाखेच्या काचेवर स्टिकर: ‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका.’ दुसऱ्या एका संस्थेतून फोन येतो आणि पलीकडची मुलगी पहिलं वाक्य बोलते, “मॅडम, व्हेरिफिकेशनसाठी तुमची जन्मतारीख सांगा.” अगं बाई, फोन तू केलास, आधी तू कोण ते सांग! असं म्हटलं तर ती गोंधळते. तिच्या कागदावर ग्राहकाने ओळख पटवायची असते, बँकेने पटवण्याची ओळच नसते. वर्षानुवर्षं असं विचारून विचारून ग्राहकाला सवय लावायची, आणि चोराने तेच विचारलं की म्हणायचं, तुम्ही माहिती दिलीतच कशी?

थोडं शहाणपण येतंय, नाही असं नाही. आयकर खात्याच्या प्रत्येक पत्रावर १ ऑक्टोबर २०१९ पासून एक दस्तऐवज क्रमांक असावा लागतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पुढे जीएसटीतही तशी सोय झाली. नोटीस आली की माझं पहिलं काम तो आकडा टाकून बघणं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की भारतातल्या बँकांच्या संकेतस्थळांचे पत्ते ‘बँक डॉट इन’ने संपले पाहिजेत, आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली. इंटरनेट बँकिंग येऊन पंचवीसेक वर्षं उलटल्यावर ही अक्कल सुचली. तोवर कुणाचा पत्ता कॉमने संपायचा, कुणाचा को डॉट इनने, आणि ग्राहकाने म्हणे खरा ओळखायचा!

पत्ता वाचायचा असतो उजवीकडून, हे किती जणांना कुणी सांगितलंय? आपण डावीकडून वाचतो. सुरुवातीला बँकेचं नाव दिसलं की डोळा तिथेच निश्चिंत होतो. खरा मालक असतो पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधी, शेवटच्या टिंबाच्या आसपास; त्याच्या डावीकडे काय लिहायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, कुणाचंही नाव लिहावं. फोनवर तर तेवढंही दिसत नाही. मेलच्या अ‍ॅपात पाठवणाऱ्याचं नाव तेवढं ठळक येतं, पत्ता बघायचा तर नावावर बोट ठेवून वाट बघा. रिक्षात, एका हातात डबा असताना, कोण बघतं? आणि ते कुलपाचं चित्र: वाटेत कुणी चोरून वाचत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे कोण बसलंय हे नाही. चोराच्या पानालाही ते कुलूप मिळतं.

आमच्या स्टोअरमधले काका लग्नपत्रिकेला फसले. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्या नंबरावरून पत्रिका आली, फाईलच्या नावात ‘निमंत्रण’, शेवटी ‘एपीके’, म्हणजे पत्रिका नव्हेच, फोनमध्ये बसणारं अ‍ॅप. त्या ओळखीच्याचाही फोन आधीच गेलेला होता, हे उघड. लग्नाचं आमंत्रण न उघडणं म्हणजे माणुसकी सोडल्यासारखं, काकांनी उघडलं. फोन थोडा वेळ अडकला. दुपारी एकला पहिला मेसेज आला, अठरा हजार गेल्याचा. काका जेवले, माल उतरवून घेतला, चलनं फाईल केली, आणि साडेपाचला शिफ्ट सुटताना माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. तोवर आणखी दोनदा पैसे गेले होते.

“काका, एकलाच का नाही आलात?”

“तुम्ही सगळे हसाल म्हणून.”

सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या सरकारी नंबरावर लगेच फोन केला तर पैसे वाटेत थांबवता येतात. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून पाचात, तिथून एटीएमला अशी पळत असते. जितक्या लवकर तक्रार, तितकी ती सापडण्याची आशा. ओसवालांच्या प्रकरणात पाच कोटींहून अधिक रक्कम पोलिसांना परत धरता आली. काकांचे ते साडेचार तास कुणी खाल्ले? चोराने नव्हे. त्याच्या आदल्याच आठवड्यात त्याच स्टोअरच्या दारात, कुणा डॉक्टरांची बातमी वाचून आम्ही जो ‘एवढा शिकलेला माणूस’चा फड रंगवला होता, त्याने खाल्ले. मी तेव्हा गप्प होते, पण चहा घेत तिथेच उभी होते.

त्यानंतर ऑफिसात एक नियम झाला. खातं बदलल्याचा मेल आला की मेलमध्ये दिलेल्या नंबरावर फोन करायचा नाही, जुन्या परचेस ऑर्डरवरच्या नंबरावर करायचा, आणि उत्तर मिळेपर्यंत पैसे थांबवायचे, साहेब कितीही ओरडोत. नियम साहेबांनीच सही करून दिलाय. गेल्या वसंतात जर्मनीच्या एका सील पुरवणाऱ्या कंपनीचा तसा मेल आला. नवं खातं, ‘बँक बदलल्यामुळे’. मी मेल वाचूनच मनात त्याला चोर ठरवून टाकलं. जुना नंबर फिरवला. पलीकडच्या बाईंना माझं इंग्रजी आणि मला त्यांचं, कळायला वेळ लागला. लेटरहेडवर सही-शिक्क्याचं पत्र पाठवा म्हटलं तर त्या जराशा दुखावल्या. मग त्यांच्या ईस्टरच्या सुट्ट्या लागल्या. पत्र आलं तेव्हा देय तारीख उलटून गेली होती, त्यांनी पुढचा माल रोखून धरला होता आणि आमची एक लाइन सीलसाठी थांबली होती.

“तुमच्या खातरजमेपायी मशीन बंद आहे, मॅडम,” साहेब म्हणाले.

खातं खरंच बदललेलं होतं. पुढच्या ऑर्डरला त्यांनी निम्मे पैसे आगाऊ मागितले, आणि ते आम्ही त्याच नव्या खात्यात भरले.